सईची तिसरी फेरी

गुद्रुन, तुला मराठी कधीच आली नाही, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे. आपण सात वर्षं इंग्रजीत बोललो आणि मग पाच वर्षं कुठल्याच भाषेत बोललो नाही. तुझं इंग्रजी जर्मन वळणाचं, माझं नागपुरी. भांडण निघालं की दोघींचंही संपायचं. मग तू गप्प बसायचीस आणि मी बडबडत राहायचे. आज पुन्हा मीच बडबडणार आहे, आणि या खेपेला तरी तू मध्येच उठून सायकलला तेल घालायला जाणार नाहीस.

मंगळवारी तुझं क्रिमेशन झालं. या देशात मेल्यावरही रांगेत उभं राहावं लागतं, तुझा नंबर अठरा दिवसांनी लागला. सकाळी साडेनऊचा स्लॉट, जो कुणालाच नको असतो. मला धरून नऊ माणसं. तुझा भाऊ जर्मनीहून आला होता, उसना वाटावा असा कोट घालून. कार्यक्रम चालवणाऱ्या बाईने तुला जन्मात पाहिलं नव्हतं. तिने कागदावरून वाचलं, ‘गुद्रुन वॉज अ कीन स्पोर्ट्सवुमन.’ मी खुर्चीवरून उठणारच होते. कीन! दर गुरुवारी स्पोर्ट्स सेंटरला बॅडमिंटन खेळणाऱ्या माणसाला इथे कीन म्हणतात. अकरा हिवाळे पाठीवर रायफल घेऊन बर्फात पळणाऱ्या बाईला हाच शब्द? तुझा भाऊ खाली बघत होता. त्याला इंग्रजी फारसं कळत नव्हतं, ते बरंच झालं.

सई आली नाही. फोन केला तर म्हणाली, ‘आई, ती माझ्याबद्दल लाय बोलली होती. मी का यायचं?’

तू खोटं बोलली नव्हतीस. खोटं मी बोलले होते. तेव्हा माझ्या हिशेबाने हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक साडेनऊच्या स्लॉटमध्ये गेली. सईला हे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न त्या दिवशी माझ्यापुढे उरला होता. तू होतीस तोवर मला आतून वाटायचं की एक दिवस तूच सांगून टाकशील आणि मी सुटेन. तू तीही सोय ठेवली नाहीस.

आपली ओळख झाली तेव्हा सई दहा वर्षांची होती. आम्ही ब्रिस्टलच्या त्या गल्लीत नुकतेच राहायला आलो होतो. माझं विमानांच्या सुट्या भागांच्या तपासणीचं काम सुरू झालं होतं आणि माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, अजून नोकरी नव्हती. तू दोन घरं सोडून राहायचीस. एका शनिवारी तू फुटपाथवर बसून दोन लांब पट्ट्यांना चाकं लावत होतीस आणि सई तुझ्यासमोर उकिडवी बसली होती. मी तिला हाक मारायला आले आणि विचारलं, हे काय? तू मान वर न करता म्हणालीस, ‘बर्फ नसलेल्या देशातली स्की.’

मग तू आम्हाला बायथ्लॉन समजावलंस. स्कीवरून जीव तोडून पळायचं. छाती फुटायला आली की थांबायचं, रायफल काढायची आणि पन्नास मीटरवरची पाच निशाणं टिपायची. आडवं पडून मारायचं तेव्हा निशाण गोल्फच्या चेंडूएवढं, उभं राहून मारायचं तेव्हा चहाच्या बशीएवढं. जितकी निशाणं चुकतील तितक्या दीडशे मीटरच्या जादा फेऱ्या मारायच्या आणि मगच पुढे पळायचं. मी म्हटलं, ‘म्हणजे चूक झाली की शिक्षा लगेच, तिथेच, सगळ्यांसमोर? माझ्या आईची हीच पद्धत होती.’ तू हसलीस. तू फार कमी हसायचीस, म्हणून लक्षात आहे.

आमच्या नागपूरला बर्फ म्हणजे रसवंतीतला, भुशात गुंडाळलेला. त्यावर कुणी पळतं हे मला पटायलाच वर्ष गेलं. तोवर सई तुझ्या शनिवारच्या क्लासला जायला लागली होती, आणि तू दर रविवारी आमच्याकडे जेवायला. तुला बेसनाच्या तिखट गोळ्यांचा आमचा गोळाभात इतका आवडेल असं मला वाटलं नव्हतं. घामाने निथळायचीस, डोळ्यांतून पाणी, नाक लाल, पण पाण्याच्या ग्लासला हात लावायची नाहीस. श्रीकांत म्हणायचा, ही बाई जेवत नाही, स्पर्धेत उतरते.

त्या जेवणांत तुझी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि प्रत्येक तुकडा मला ओढून काढावा लागला. थुरिंगियाच्या जंगलातलं तुझं गाव. बाप लाकूड कापणारा. बर्लिनची भिंत पडली आणि दोन देशांचा एक संघ झाला, तेव्हा एकेका जागेसाठी दुप्पट मुली उभ्या. तू दोन हिवाळे मुख्य संघात होतीस, बाकीचे नऊ दुय्यम संघात. तुझा सगळ्यात मोठा निकाल चौथा. मी विचारलं, तिसरीत आणि तुझ्यात किती अंतर होतं? तू चमचा ठेवलास आणि म्हणालीस, ‘एक गोळी.’ शेवटचं निशाण होतं, वारा उजवीकडून आला, तू थांबायला हवं होतंस आणि थांबली नाहीस. सगळं मिळून अर्धा सेकंद, पण तो सांगताना तुझा उजवा हात मांडीखाली गेला होता. त्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक तुला थंडीत जाणवायचंच नाही. वर्षानुवर्षं उणे पंधरात हातमोजा काढून चाप ओढलेलं बोट होतं ते.

आणि मग रिलेची गोष्ट. ती तू एकदाच सांगितलीस, आणि आपलं खरं भांडण तिथेच सुरू झालं.

चौघींची रिले होती, तू तिसरी. रिलेत प्रत्येक वेळी तीन जादा गोळ्या मिळतात, एकेक हाताने भरायच्या. तुझ्या त्याही संपल्या आणि दोन निशाणं उभीच राहिली. म्हणजे दोन फेऱ्या. तू एकच मारलीस आणि निघून गेलीस. मुद्दाम नाही. डोक्यात रक्त चढलेलं असतं, कानात ठोके, माणूस मोजायला चुकतो. मोजणाऱ्या पंचानेही लक्ष दिलं नाही. तुमचा संघ तिसरा आला. बक्षीस समारंभाला अजून अवकाश होता. स्कींना मेण लावायच्या खोपटात तू बूट काढत होतीस आणि तुला आठवलं. तू तशीच अनवाणी कोचकडे गेलीस आणि म्हणालीस, मी एक फेरी कमी मारली. कोच म्हणाला, कुणी पाहिलं? तू म्हणालीस, मी. राहिलेल्या फेरीला दोन मिनिटांचा दंड असतो. संघ तिसऱ्यावरून सहावा झाला. चौघींतल्या एकीची ती शेवटची शर्यत होती. ती तुझ्याशी त्यानंतर आयुष्यात बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात तुझं नाव मुख्य संघात नव्हतं.

मी म्हटलं, ‘मूर्ख आहेस तू. कुणी विचारलं होतं का?’

तू म्हणालीस, ‘नाही. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.’

मी तुला किती बोलले त्या दिवशी. म्हटलं, तुझ्या खरेपणाचं बिल बाकी तिघींनी भरलं, हा कुठला न्याय? तू म्हणालीस, त्यांच्या गळ्यात मेडल असतं तर ते मी पळवलेलं असतं. मी म्हटलं, असे चोचले तुम्हा लोकांना परवडतात. आमच्यासारख्यांना एकदाच दार उघडतं, त्यात शिरायचं असतं, दाराला तेल कुणी घातलं हे बघत बसायचं नसतं. तू म्हणालीस, ‘मंजिरी, फेरी सगळ्यांना दीडशे मीटरचीच असते.’ आणि उठून भांडी विसळायला गेलीस. तुझं हे नेहमीचं होतं. एक वाक्य फेकायचं आणि नळ सोडायचा.

आता सईचं. तू तिला सात वर्षं शिकवलंस. मी त्यातलं काही विसरले आहे असं समजू नकोस. पावसात, जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेल्या सायकल रस्त्यावर, तुझी ती भयंकर नारिंगी टोपी घालून तू तिच्या मागे मागे यायचीस. निशाण धरताना श्वास कुठे सोडायचा ते तिला शिकवायला तू तिचा हात स्वतःच्या पोटावर ठेवलास. मी आई असून माझ्या हातून कधी तिला असं शांत करता आलं नव्हतं. शाळेत तिला दोन मैत्रिणी होत्या, त्यातली एक बोलायची नाही. तुझ्या क्लासला ती मान वर करून चालायला लागली. हे उपकार आहेत. ते मान्य करून मगच मी पुढचं लिहिते.

निवडीची शर्यत लष्कराच्या एका छावणीत होती, डांबरी ट्रॅकवर, चाकांच्या स्कीवर. सई सतरा वर्षांची. पहिल्या दोघी हिवाळ्यात ज्युनियर संघाबरोबर आल्प्समध्ये जाणार होत्या. फेऱ्या मोजणारा एक माणूस आलाच नाही. आयोजकांनी पालकांना विचारलं आणि मी हात वर केला. स्वतःचं मूल शर्यतीत असताना पालकाने मोजायचं नसतं, पण माणसं कमी होती, आणि कुणीतरी म्हणालं, या बाई तर एरोस्पेसमध्ये इन्स्पेक्टर आहेत, यांच्याहून चांगलं कोण मोजणार? सगळे हसले, मीही हसले. मला क्लिपबोर्ड मिळाला, वर प्लास्टिकचं आवरण, आत मुलींच्या नंबरांसमोर रिकाम्या चौकटी.

शेवटच्या नेमबाजीत सईची तीन निशाणं चुकली. ती फेऱ्या मारायला आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. एक फेरी झाली, मी टीक केली. दुसरी झाली, टीक केली. आणि ती सरळ बाहेर पडली, मुख्य ट्रॅकवर, शेवटच्या टप्प्याला. मी तिला जाताना बघितलं. मला ओरडता आलं असतं, ती हाकेच्या अंतरावर होती. मी पेन खाली नेलं आणि तिसरी टीक केली.

हात आपोआप गेला, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगते आहे. ते खरं नाही. माझ्या कामात सहीआधी मी प्रत्येक भाग दोनदा बघते. माझा हात आपोआप कुठेच जात नाही. मी विचार केला होता. शिरायचं आहे, दार उघडं आहे, एवढाच विचार.

सई दुसरी आली, तिसरीच्या फक्त अकरा सेकंद पुढे. एक फेरी मारायला अर्धा मिनिट लागतं.

तू वळणाशी उभी होतीस. तू आधी सईकडे गेली नाहीस, माझ्याकडेही नाही. सरळ पंचांच्या तंबूत गेलीस. मला बोलावलं गेलं. तिथला मुख्य पंच निवृत्त लष्करी गृहस्थ होता, अगदी अदबीने म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या शीटवर तीन आहेत. बरोबर ना?’

मी म्हटलं, ‘तीनच होत्या.’

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, वाऱ्याचा अंदाज घेताना झेंड्यांकडे बघायचीस तसं. आणि पंचांना म्हणालीस, ‘पाऊस आहे, नंबर सारखे दिसतात, या बाई एकाच वेळी चौघींना मोजत होत्या. चूक होऊ शकते. माझ्या मुलीने दोनच मारल्या. मी पाहिलं.’ मग सईला आत बोलावलं. पंचाने तिला सांगितलं, तुझी आई तीन म्हणते, तुझी कोच दोन म्हणते, तू किती मारल्यास? सई जमिनीकडे बघून म्हणाली, ‘थ्री.’

त्यांनी तुझं ऐकलं. ऐकणारच. स्वतःच्या खेळाडूविरुद्ध खोटं कोण सांगेल? दोन मिनिटांचा दंड. सई सातवी.

ब्रिस्टलपर्यंत सई एक शब्द बोलली नाही. मी मात्र सबंध मोटरवेभर तुला शिव्या घातल्या. आपल्या माणसाशी असं कुणी वागतं का, म्हटलं. ही बाई माझ्या घरी जेवते. संध्याकाळी तू दारात आलीस. आत ये म्हटलं नाही, तरी तू पायपुसण्यावर बूट पुसत उभी राहिलीस.

‘मंजिरी, तू सईला सांग. मी सांगणार नाही.’

मी म्हटलं, ‘त्या लाइनीत एकच ब्राउन मुलगी होती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत गेली असतीस तंबूत?’

मला तेव्हाही माहीत होतं की हे वाक्य घाणेरडं आहे. पण हाताशी तेच होतं. तू म्हणालीस, ‘दुसरीची कोच गेली असती. ही माझी आहे, म्हणून मी गेले.’ मी दार लावलं.

यानंतर मी जे केलं ते त्या तिसऱ्या टीकपेक्षा वाईट होतं, आणि ते तुला पूर्ण माहीत होतं का नाही, मला कळलं नाही. क्लबच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर मी लिहिलं की काही कोचेस काही मुलांना वेगळी फूटपट्टी लावतात, आणि एका आईसाठी हे फार वेदनादायक असतं. नाव घेतलं नाही. नाव न घेता सगळं बोलून जायची कला आपल्याकडे घरोघरी शिकवतात, मीही शिकले होते. आणि इथली माणसं या विषयाला इतकी घाबरतात की कुणी एक प्रश्न विचारला नाही. ‘सो सॉरी टु हिअर धिस’, ‘सेंडिंग हग्स’. महिन्याभरात तुझ्या शनिवारच्या क्लासला चार मुलं उरली. ख्रिसमसनंतर एकही नाही. क्लबने तुला सेवेबद्दल आभाराचं कार्ड दिलं, मी त्यावर सही केली नाही.

तुला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ‘आईने शीट खोटी भरली.’ एवढं म्हणाली असतीस तर सगळे परत आले असते. तू म्हणाली नाहीस. स्वतःच्या चुकीची दवंडी पिटायला अनवाणी धावलीस, आणि माझी चूक मात्र पाच वर्षं पोटात ठेवलीस. माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे, गुद्रुन. तू मला उघडं पाडलं असतंस तर मी तुला एकदा मनापासून शिव्या दिल्या असत्या आणि कदाचित वर्षभराने गोळाभाताला बोलावलंही असतं. तू गप्प राहिलीस आणि मला रोज सकाळी खिडकीतून तू दिसत राहिलीस, एकटीच चाकांच्या स्कीवर, कुणालाही न शिकवणारी. पडदा ओढून घ्यायची मला सवय लागली.

सईने स्की सोडली. युनिव्हर्सिटीत गेली, मग बेसिंगस्टोकला आयटीतली नोकरी. बरं चाललं आहे म्हणते. मी जास्त विचारत नाही.

तू आजारी आहेस हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना. स्वादुपिंड, म्हणाल्या, आणि आता हॉस्पिसमध्ये हलवलंय. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तू पलंगावर उशांना टेकून होतीस, आणि इतकी बारीक की मला आधी वाटलं, मी चुकीच्या खोलीत आले. मी डबा आणला होता. तू वास घेतलास आणि म्हणालीस, ‘आता जमणार नाही. झाकण उघडं ठेव.’

पाच मिनिटं आपण हवापाण्याचं बोललो. मग तू विचारलंस, ‘सईला सांगितलंस?’

माझा पारा चढला. मरायला टेकलेल्या माणसासमोर माझा पारा चढला. म्हटलं, ‘पाच वर्षांनी तेच? तुला दुसरा विषय नाही?’

‘आहेत. वेळ नाही.’

‘मग तूच का नाही सांगितलंस तिला? तू तर खरं बोलणारी.’

‘ती फेरी माझी नव्हती,’ तू म्हणालीस. ‘तुझ्यासाठी मी कशी मारू?’

आणि मी काय बोलले ते मला इथे लिहायलाच हवं, कारण ते ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, ‘तू तुझी सांगितलीस ना? काय मिळालं? ना मेडल, ना संघ, ना माणसं. बघ या खोलीत कोण आहे.’ तू डोळे मिटलेस. झोपलीस असं समजून मी डब्याला झाकण लावलं आणि निघाले. तू झोपली नव्हतीस. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. चौथ्या दिवशी तू गेलीस.

क्रिमेशननंतरच्या शनिवारी श्रीकांतला म्हटलं, मी एकटीच सईकडे जाऊन येते. त्याने का म्हणून विचारलं नाही, फक्त टायरमधली हवा बघून ठेवली. सगळ्या वाटेवर मी वाक्यं जुळवत होते. ‘सई, तुला एक सांगायचं आहे’, ‘सई, रागावू नकोस’, असली शेळपट वाक्यं. तिच्या स्वयंपाकघरात पोहोचले तेव्हा त्यातलं एकही उरलं नव्हतं. ती चहा टाकत होती. मी पर्सही खाली न ठेवता म्हटलं, ‘त्या दिवशी तू दोनच फेऱ्या मारल्या होत्यास. मी तीन लिहिल्या. मुद्दाम.’

ती वळली नाही. किटलीचं बटण बंद केलं.

‘आय नो, आई.’

मला वाटलं, तुझ्याकडून. वाटलं, शेवटी तू सांगितलंसच, हॉस्पिसमधून फोन केला असशील. आणि खरं सांगते, एक क्षण मला बरं वाटलं. म्हटलं, ‘गुद्रुनने सांगितलं?’

‘नो. मला फिनिशला कळलं. मी नेहमी मोठ्याने मोजायची, तिने शिकवलं होतं तसं, जर्मनमध्ये. त्या दिवशी मोजलंच नाही, नुसती पळाले. मग फिनिशला उभी राहून आठवलं तर दोनच होते.’

‘मग तंबूत थ्री का म्हणालीस?’

‘तू आधीच थ्री म्हटलं होतं. मी टू म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की तू…’ ती थांबली. ‘तू मोजायला चुकत नाहीस, आई. इट्स युअर जॉब. मला कळलं होतं तू माझ्यासाठी केलं. मग मी तुला सगळ्यांसमोर लायर कसं करू?’

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, ‘मग तिच्याशी का बोलत नव्हतीस? पाच वर्षं?’

‘कारण तू बोलत नव्हतीस.’

‘आणि परवा फोनवर म्हणालीस ती लाय बोलली.’

‘इतकी वर्षं तेच बोलत होते ना. सवय झाली.’ मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. ‘तिने मला एकदा मेसेज केला होता, बर्थडेला. आय डिडन्ट रिप्लाय. मला वाटलं, रिप्लाय केला तर तुला वाटेल मी तिची साइड घेते.’

म्हणजे बघ, कसं झालं ते. मी मुलीला वाचवत होते, मुलगी मला वाचवत होती, आणि दोघींचं ओझं तुझ्या एकटीच्या पाठीवर. तुला हे माहीत होतं का? माहीत असणार. कोच होतीस तिची, ती फिनिशला उभी राहून बोटं मोजताना तू पाहिलं असणारच. म्हणूनच विचारत राहिलीस, सईला सांगितलंस का. तुला तुझ्या नावावरचा डाग धुऊन नको होता, आम्ही एकमेकींशी खोटं बोलत जगू नये एवढंच हवं होतं. हे मी आता तुझ्या तोंडी घालते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मंजिरी, फार विचार करतेस, आणि नळ सोडला असतास.

त्या ग्रुपमधून मी कधी बाहेर पडले नव्हते. सई म्हणाली, तिथेच लिहू या. तासभर आम्ही टेबलाशी बसलो, शब्द खोडले, पुन्हा घातले. शेवटी चार ओळी उरल्या. माझ्या मुलीने दोन फेऱ्या मारल्या होत्या, मी तीन लिहिल्या. गुद्रुनने खरं सांगितलं होतं. मी नंतर तिच्याबद्दल इथे जे सुचवलं ते खोटं होतं, आणि त्यामुळे तिचा क्लास बंद पडला. गेल्या महिन्यात ती वारली. खाली माझं पूर्ण नाव.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘थँक यू फॉर शेअरिंग, सो ब्रेव्ह.’ ब्रेव्ह म्हणे. मला शरमेने टेबलाखाली जावंसं वाटलं. मग दोन अंगठे आले. मग एका आईने, जिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, विचारलं, ‘सॉरी, मी इथे नवीन आहे. हू इज गुद्रुन?’

मी टाइप करायला घेतलं. थुरिंगिया लिहिलं, खोडलं. अकरा हिवाळे लिहिलं, खोडलं. चौथा क्रमांक लिहिला आणि तो मला इतका किरकोळ दिसला की तोही खोडला. तुझ्याबद्दल त्या बाईला पटेल असं काहीच मला लिहिता येईना. सईने माझ्या हातून फोन घेतला आणि लिहिलं, ‘शी वॉज माय कोच. सई.’

त्यावर तीन लाल बदाम आले. मग कुणीतरी शनिवारच्या ट्रेनिंगची वेळ टाकली, दहाऐवजी साडेदहा, आणि बोलणं तिकडे वळलं. सई फोन हातात धरून तशीच बसून राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.